आत्याबाईंचा आवाज

३ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी ठमीला द्यायची — ठरलं!

आज तिच्या नोकरीचं पक्कं झालं. मोठं शहर, मोठं इस्पितळ आणि आमची लेक तिथे फिजिओथेरपीची प्रमुख! इथे गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांच्या दवाखान्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांचे गुडघे वाकवत बसली होती आजवर. मी तसाच चपला घालून समोरच्या न्हाव्याला सांगून आलो. मग औषधाच्या दुकानात. मग परत न्हाव्याकडे, कारण मघाशी त्याच्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक बदललं होतं. घरी आलो तर ही म्हणाली, "पोरीचा चहा अजून गरम आहे, आणि तुमची दवंडी पिटूनसुद्धा झाली!"

१५ मार्चला रुजू व्हायचं. म्हटलं, बसने कशाला? आपली आत्याबाई आहे की! आत्याबाई म्हणजे आमची गाडी. निळी, वीस वर्षांची, गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या दंतवैद्याकडून घेतली. सारखी कुरकुरते पण अडीअडचणीला धावून येते, म्हणून आत्याबाई. आता तिने लेकीला सांभाळायचं. दिवसभराचा रस्ता, मधे घाट, पोर एकटी. गाडीत तिळाएवढी खोट राहता कामा नये. गॅरेजात देणार नाही. सगळं माझ्या हाताने करणार.

ठमी काही बोललीच नाही. आनंदाने बोलती बंद झाली असणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तपासणी सुरू. बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, लांब पेचकस घेतला. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर. डॉक्टरांच्या नळीला हरवेल अशी युक्ती! छापखान्यात सगळी नोकरी मी यंत्रांच्या मागे काढली ती ह्याच कानांच्या जोरावर. साहेब म्हणायचे, "ह्यांना बोलवा, हे ऐकून सांगतील कुठे दुखतंय ते." आजही पाण्याच्या पंपाची घरघर, डायनामोची गुणगुण — सगळं खणखणीत ऐकू आलं. तब्येत ठीक आहे आत्याबाईंची. तेल बदलायचं, ब्रेक बघायचे, दोन रबरी नळ्या चिरल्यात त्या काढायच्या.

ही खिडकीतून ओरडली, "ते चीं-चीं काय होतंय ते बघा आधी!"

कसलं चीं-चीं? पेचकस काढून नुसत्या कानाने ऐकलं. काही नाही. हिला म्हटलं, अगं, कुठेतरी पक्षी असेल. ही म्हणाली, "पक्षी तुमच्या बॉनेटखाली बसलाय." बायकांना गाडीतलं काय कळतं, असं मी म्हणत नाही. लिहितोसुद्धा फक्त इथे.

८ फेब्रुवारी, रविवार

तेल बदललं. मी गाडीखाली, आणि ठमी पालथ्या बादलीवर बसून पाने देत होती. तेरा नंबर मागितला की तेराच द्यायची! बापाची लेक. खालून मला तिच्या नुसत्या चपला दिसत होत्या.

मधेच ती बराच वेळ काहीतरी सांगत होती. मी तेलाच्या बुचाशी झटत होतो — आधीच्या माणसाने एवढं आवळलंय की त्याचा कुणाशी तरी दावा असावा. मी खालून म्हटलं, "हो हो! होईल सगळं व्यवस्थित!" मग बूच एकदम सुटलं आणि तेल माझ्या बाहीत. बाहेर आलो तेव्हा ती आत निघून गेली होती. पाने मात्र ओळीने मांडून ठेवलेले. किती शहाणी पोर.

९ फेब्रुवारी, सोमवार

धुण्याचं यंत्र संपल्यावर शिट्टी देत नाही. बिघडलं वाटतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

न्हावी रस्ता ओलांडून आला, हातात वस्तरा तसाच. म्हणे, "काका, तुमची गाडी कोपऱ्यावर वळली की मी वस्तरा उचलून धरतो. गिऱ्हाईक दचकतं हो! परवा एकाची अर्धी मिशी जाता जाता वाचली."

मी म्हटलं, कशाने दचकतं? "त्या किंकाळीने!" म्हणाला. ह्याला बोलायला विषय लागतो. दिवसभर लोकांच्या डोक्यावर उभं राहून गप्पा मारायची सवय, मग दुसऱ्याचं डोकं खाल्ल्याशिवाय चैन पडत नाही. तरी त्याच्या समाधानासाठी फॅनबेल्ट बोटाने दाबून पाहिला. म्हणजे इंजिनाच्या पुढे जो काळा पट्टा पंप आणि डायनामो फिरवतो, तो. ताण ठीक वाटला. बदलायचा म्हणजे पुढचं सगळं खोलायचं. जे दुखत नाही ते कशाला कापा?

एक मात्र छान झालंय — गल्लीतली पोरं हल्ली मला ओळखायला लागलीत. गाडी आली की खेळ थांबवतात, दोन्ही हात कानांशी नेतात. सलामच! मी पण हात करतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

ब्रेकमधली हवा काढली. एकट्याचं काम नाही हे. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून छोटा नळ उघडायचा, बुडबुडे गेले की बंद करायचा, मग आतल्याने सोडायचं. बंद व्हायच्या आधी पाय सुटला की हवा परत आत, आणि सगळं पहिल्यापासून. ठमी दवाखान्यात, म्हणून हिलाच बसवलं.

मी म्हणायचं, "दाब!" तिने म्हणायचं, "धरलंय!"

एवढंच. पण ही बोलते कुठे! मी चाकाशी वाट बघतोय, ही आत गप्प. मी परत, "दाब!" शेवटी ही दार उघडून बाहेर, हात कमरेवर. "पाच वेळा सांगितलं धरलंय म्हणून! माझ्या पिंडरीला गोळा आला!" मी म्हटलं, तू पुटपुटतेस. झालं! त्यानंतर हिने जी "धरलंऽऽय!" अशी आरोळी ठोकली ती थेट न्हाव्याच्या दुकानापर्यंत. तिथून गिऱ्हाइकांनी एका सुरात जबाब दिला, "सोडाऽऽ!" आणि हिने सोडलं!! नळ उघडा असताना! हवा परत आत.

चारी चाकं होईस्तोवर ऊन कलंडलं. पण ब्रेक असे झालेत — पाय टेकवला की गाडी उभी. ही म्हणाली, "इतकी वर्षं संसार केला, पण इतकं ओरडले नव्हते कधी." आणि हसत सुटली. मलाही हसू आवरेना. दोघं फुटपाथवर बसून हसत होतो, ब्रेकच्या तेलाने बरबटलेले.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आता ओव्हनची घंटीपण गेली! ताप बघायचं थर्मामीटरही मुकं. हल्लीच्या वस्तू म्हणजे वरून झकपक. धुण्याचं यंत्र खोलून पाहिलं, शिट्टीच्या तारा नीट आहेत. बदलली तरी तीच तऱ्हा. ही दारात उभी राहून नुसती बघत होती. काहीतरी म्हणणार होती, मग म्हणाली नाही. हिच्या बाबतीत हे नवीनच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

गाडीचे दिवे मंद. बल्ब बदलले, तरी मंद. तारांची टोकं घासून लख्ख केली, तरी मंद! इथेच घोडं पेंड खातंय. दिव्यांना वीज पुरत नाही म्हणजे डायनामो कमी पडतो. पण त्याची गुणगुण तर मी स्वतः ऐकली, चांगली होती. उद्या बॅटरी बघतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

ठमीला घेऊन लांब फेरी. शहराबाहेरचा चढ, खिडक्या उघड्या. तीच चालवत होती. काय चालवते! गिअर असा टाकते की कळतसुद्धा नाही. मी शेजारी बसून काय काय सांगत होतो — घाटात उतरताना गिअर खालचा ठेव, ब्रेकवर लोंबकळू नकोस, काट्यावर लक्ष ठेव. आणि तिथल्या तुझ्या केबिनच्या दारावर तुझ्या नावाची पाटी लागेल त्या दिवशी फोटो पाठव, मी न्हाव्याच्या आरशावर चिकटवणार आहे.

चढ संपल्यावर तीही बोलायला लागली. रस्त्याकडे बघत, तोंड समोर. वाऱ्यात अर्धं उडून जात होतं. मी मान डोलावली. "हो हो," म्हटलं, "बरोबर आहे तुझं!" तिने वळून एवढ्या आशेने पाहिलं माझ्याकडे! मी म्हटलं, "म्हणूनच तर पुढचे दोन्ही टायर नवे घालतोय." मग घरी येईपर्यंत गप्प. थकली असेल.

परत येताना पोरांनी पुन्हा कानाशी हात नेले. ठमीने काच वर केली. लाजते अजून.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज वाचलो.

हिला घेऊन भाजी आणायला निघालो होतो. पुलाच्या अलीकडे बॉनेटखाली फाडकन आवाज झाला, समोर लाल दिवा लागला आणि ही म्हणाली, "चला, थांबला एकदाचा!"

"काय थांबलं?"

"ते चीं-चीं!"

बघतो तर गरमीचा काटा सरसर वर. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. फॅनबेल्टच्या चिंध्या! तुटलेला तुकडा हातात घेतला — आतून काचेसारखा गुळगुळीत, आडव्या भेगाच भेगा. असा बेल्ट एका दिवसात होत नाही. महिनाभर तरी घसरत असणार. घसरला की डायनामो पुरता फिरत नाही, म्हणून दिवे मंद. आणि घसरताना बेल्ट ओरडतो. किंचाळतो! हे तर शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक आहे!

ही बाजूला उभी होती, पिशवी हातात. बोलली नाही. मला वाटलं होतं, आता ऐकवेल. ते तरी बरं झालं असतं.

पुलाऐवजी घाट असता तर? माझ्याऐवजी ठमी असती तर? ओढून आणली गाडी. न्हाव्याने ढकलायला मदत केली आणि पहिल्यांदाच तोंडातून शब्द काढला नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी हिने मला धुण्याच्या यंत्रापुढे खुर्चीत बसवलं. "ऐका," म्हणाली. यंत्र थांबलं. मी बसून. ही एकेक बोट वर करत होती — एक, दोन, तीन, चार, पाच. "काय करतेस?" म्हटलं. "शिट्ट्या मोजतेय," म्हणाली.

मला एकही ऐकू आली नाही.

मग ओव्हन. मग थर्मामीटर. मग माझ्या मागे जाऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलली म्हणे. मी आपला भिंतीकडे बघत. पुढे आली तेव्हा डोळ्यांत पाणी. "मी विचारलं, रागावलात का?" म्हणाली.

नाही रागावलो. पण फार वाईट वाटलं. हात गेले असते, डोळे गेले असते तर एवढं वाटलं नसतं. मी कानांचा माणूस! आणि वर पोरांना हात करत होतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

कानाची डॉक्टरीण. वयाने ठमीएवढीच. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या. ऐकू आलं की बटण दाबायचं. कागदावर रेघ काढून दाखवली — डावीकडे सपाट, मधून जी घसरली ती थेट तळाला. "खालचे आवाज उत्तम येतात तुम्हाला. वरचे गेलेत. छापखान्यात होतात ना? तिथेच ठेवून आलात." म्हणजे पंपाची घरघर येणार, बेल्टची किंकाळी नाही. आणि कुणी हळू बोललं, पाठमोरं बोललं, बायकामुलांचे बारीक आवाज — तेही निसटतात.

"म्हणजे ही बोलते त्यातलं अर्धं गेलंच की!" मी म्हटलं.

"अर्धं कसलं," ही म्हणाली, "तुम्ही आवडीचं तेवढं ऐकत होतात. ते यंत्राने सुधारत नसतं." डॉक्टरीण हसून हसून लाल.

घरी आल्यावर ठमीला विचारलं, "तू काही बोललीस आणि मला कळलं नाही, असं झालंय का गं?" ती मोठ्याने म्हणाली, "नाही बाबा! विशेष काही नाही."

बरं झालं. तेवढंच समाधान.

१ मार्च, रविवार

नवा बेल्ट बसवला. पुढचं सगळं खोललं, चाक्या घासल्या. ताण बोटाने पाहिला, मग मोजून पाहिला. मग इंजिन चालू केलं आणि हिला हाक मारली, "ये, ऐकून सांग!" हिने मान वाकडी करून ऐकलं, चांगलं तपासनिसासारखं. "नाही आवाज." मग मुद्दाम दिवे, पंखा, सगळं लावून. "नाही!" मग न्हाव्याला बोलावलं. तोही कान देऊन उभा राहिला. शेवटी म्हणाला, "काका, आता तुम्ही आलात हे मला कळणार कसं?"

आत्याबाईंचे कान आता हीच. मी हात. चालेल असं.

४ मार्च, बुधवार

यंत्रं आली. दोन, कानामागे बसणारी, शेंगदाण्याएवढी. घातली आणि — बाप रे! वर्तमानपत्र एवढा आवाज करतं? माझ्याच चपला? फ्रिज सारखा काहीतरी पुटपुटतो. नळ गळतोय, तो कधीपासून गळतोय? ही चहा गाळत होती, आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. मी म्हटलं, "हे कधी सुरू केलंस?" म्हणाली, "लग्नाच्या आधी."

मग गाडीत जाऊन बसलो. देवा! समोरची पट्टी कुरकुरतेय, डाव्या दाराची काच खडखडतेय, मागची सीट चुईं-चुईं, वायपर तर रडतोच. एवढा कालवा चालला होता आणि मी म्हणायचो, तब्येत ठीक आहे! बिचारी एवढी बोलत होती, घरात ऐकणारं कोणी नव्हतं.

पण खरं सांगू? आनंद झाला. पंधरा तारखेपर्यंत हाताला भरपूर काम!

७ मार्च, शनिवार

पट्टीमागे वाटीएवढं फोम. दाराला ग्रीस. सीटचे बोल्ट आवळले. वायपरला नवी रबरं. रोज एकेक आवाज पकडायचा आणि गप्प करायचा. एवढी मजा नोकरीतसुद्धा आली नाही. दोन्ही टायर आले, ते घातले. डिकीत जादा बेल्ट, पाने, टॉर्च, पाण्याचा डबा. बेल्ट बदलायचा कसा ते ठमीकडून दोनदा करून घेतलं. पहिल्याच खेपेला जमलं तिला! मी पाठ थोपटली. ती म्हणाली, "किती करताय बाबा." आणि खाली बसून उगीचच पाने पुसत राहिली. मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही करायचं तर कुणासाठी?"

संध्याकाळी गल्लीतून चक्कर मारली. पोरांनी खेळ थांबवला नाही, कुणी वर बघितलंसुद्धा नाही. झाली गाडी!

९ मार्च, सोमवार

सकाळी गाडीत बसून शेवटची कुरकुर शोधत होतो. इंजिन बंद, दार उघडं. स्वयंपाकघराची खिडकी तिथून हातभर. आत मायलेकी बोलत होत्या, हळू. मी बाहेर असलो की मला काही ऐकू येत नाही, असं धरून चालायची त्यांची जुनी सवय.

"आई, मला नाही जायचं गं. मला इथलंच काम आवडतं, माझे म्हातारे आवडतात. बाबांना मी दोनदा सांगितलं. तेव्हा त्यांना ऐकू येत नव्हतं. आता येतंय, तर माझीच हिंमत होत नाही."

मी दोन्ही यंत्रं काढली. मुठीत धरून थोडा वेळ बसलो. मग परत घातली आणि आत गेलो.